बिनगाड्यांची वाट

मरीन परेड, सिंगापूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

अनुया,

पाकिटावर मुद्दाम माझं नाव घातलं नाही. घातलं असतं तर तू ते न उघडताच बाजूला ठेवलं असतंस. मेल तू वाचत नाहीस हे एव्हाना कळलंय, म्हणून तुमच्या कंपनीच्या पत्त्यावर हे कागदी पत्र. अक्षर मोठं आणि सुटं काढतोय. आईने रविवारी सकाळी बसवून शिकवलं तेवढंच तुझं मराठी वाचन. सावकाश वाच.

सांगायचं एवढंच, की मी सायकल शिकलो.

मला सायकल येत नव्हती हे तुला ठाऊक नाही. तुम्ही दोघी ईस्ट कोस्ट पार्कात सायकली घेऊन निघायचात, तेव्हा मी पाण्याच्या बाटल्या सांभाळत बाकावर बसायचो आणि गुडघा दुखतो म्हणायचो. गुडघ्याला काही झालं नव्हतं. इंदोऱ्याच्या वस्तीत आमच्या घरी एकच सायकल, ती दादाची. बाकीची पोरं कैची मारत मारत शिकली. मी दोनदा पडलो आणि नाद सोडला. नंतर मोठं झाल्यावर कुणाला सांगायची लाज वाटू लागली.

तुझ्या आईचं उलट. वर्ध्यात ती रोज सहा किलोमीटर सायकल हाणत कॉलेजला जायची. लग्नानंतर म्हणाली, अंबाझरी तलावावर डबलसीट जाऊ. मी म्हणालो, पंक्चर आहे. तीन महिने ती सायकल पंक्चरच होती. शेवटी तिने स्वतः चाक दाबून बघितलं आणि खूप हसली. म्हणाली, "मग मी चालवते, तुम्ही मागे बसा." आणि मी बसलो. सगळी गल्ली दारात येऊन बघत होती. तिला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं.

गेल्या नोव्हेंबरात टाउन कौन्सिलची नोटीस आली, कॉरिडॉरमध्ये ठेवलेल्या सायकली हलवा. आईची निळी सायकल तिथेच होती. कुणाला तरी देऊन टाकावी म्हणून लिफ्टमध्ये घातली, तर नवव्या मजल्यावरच्या ऑड्री चुआ आत आल्या. अडुसष्ट वर्षांच्या आहेत, शाळेत पीटी शिकवायच्या. म्हणाल्या, राइडला निघालास? मी म्हणालो, येत नाही. इतकं सोपं वाक्य मी सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं. त्या म्हणाल्या, "उद्या सात वाजता, खाली कारपार्कमध्ये. लेट होऊ नको लाह." त्यांची बरीच वाक्यं अशी लाहवर संपतात.

सहा आठवडे लागले. आता तोल जात नाही. वळताना मात्र अजून हात दाखवता येत नाही.

आता खरं काम. तुमच्या वेबसाइटवर बारा मेच्या आठवड्याची सफर आहे. दक्षिण स्पेनचे डोंगर, जुना रेल्वेमार्ग, तीस बोगदे, एकही मोटार नाही, चढ सौम्य, वयाची अट नाही. गाइड म्हणून तुझा फोटो आहे. केस कापलेस. मी नाव घातलंय. तुला नको असेल तर एक ओळ लिही, मी नाव काढून घेईन. कारण विचारणार नाही.

बाबा

मरीन परेड
रविवार, २ मार्च २०२५

अनुया,

तुझी मेल मिळाली. "बाबा, इनसाइड लेग किती सेंटिमीटर? सीटची उंची त्यावर ठरते. हेल्मेट इथे मिळेल."

ऑफिसात बसून मी ती चार वेळा वाचली. पावणेतीन वर्षांत तू मला विचारलेला हा पहिला प्रश्न. संध्याकाळी जुरोंग ईस्टहून येताना स्टेशनं मोजत बसलो, घरी पोचायची घाई झाली होती. (मरीन परेडला आता एमआरटी आली आहे. आई दर वर्षी म्हणायची, आपण इथून गेल्यावर येईल बघ.) भिंतीला पाठ लावून, पायांत जाड पुस्तक धरून पायाची आतली लांबी स्वतःच मोजायला गेलो, तर दर वेळी वेगळा आकडा. शेवटी ऑड्रीबाईंना बोलावलं. शाळेतल्या मुलाला उभं करावं तसं त्यांनी मला उभं केलं. पंचाहत्तर सेंटिमीटर.

आता रविवारी आम्ही रेल कॉरिडॉरवर जातो. तुला जोहोरची गाडी आठवते? बंद व्हायच्या आधीच्या जूनमध्ये आपण तिघं गेलो होतो. तू अकरा वर्षांची होतीस. पलीकडे मलेशियात जाऊन वडे खाल्ले आणि परत आलो. त्याच वाटेवर आता बारीक खडी आहे, दोन्हीकडे झाडं, आणि बुकित तिमाचा तो काळा लोखंडी पूल तसाच. तिथेच मी पडलो. माकड आडवं आलं असं ऑड्रीबाई सगळ्यांना सांगतात. माकड बरंच लांब होतं. मीच त्याच्याकडे बघत राहिलो. कोपर खरचटलं, बाकी काही नाही.

इथली गाडी धावायची थांबली. तुझ्या तिथल्या वाटेवर ती कधी धावलीच नाही असं वाचलं. बोगदे खणले, पूल बांधले, स्टेशनं उभी केली, आणि रूळ पडायच्या आधीच सगळं थांबलं. हे खरं का? तुला सवड असेल तर त्या वाटेबद्दल लिही. इंग्रजीत लिहिलंस तरी चालेल.

रजा मंजूर झाली आहे.

बाबा

मरीन परेड
रविवार, ३० मार्च २०२५

अनुया,

तुझी मोठी मेल येऊन नऊ दिवस झाले. नऊ दिवस मी उत्तर लिहिलं नाही, याचं कारण खाली आहे.

तू लिहिलंस, गिधाडं माणसाच्या पायांच्या खाली उडताना दिसतात, कारण वाट कड्याच्या वरून जाते. ते वाचून बरं वाटलं. पुढे तू त्या दिवे नसलेल्या बोगद्याबद्दल लिहिलंस. लोक पुढे गेले की तू मधोमध थांबतेस, टॉर्च बंद करतेस आणि आईशी बोलतेस. दर वेळी एकच विचारतेस, मला का बोलावलं नाहीस. तू लिहिलंस, "शी डिडंट वॉन्ट मी देअर, बाबा. मी तीन वर्षं हे समजून घ्यायचा प्रयत्न करतेय. तुम्ही येताय ते बरं झालं. तुमच्यावर मी उगाच राग काढला. तुम्ही फक्त तिचं ऐकलंत."

मी तिचं ऐकलं नाही.

आईने तुला बोलावलं होतं. शनिवार, १४ मे २०२२. सकाळी डॉक्टर मला म्हणाले, तीन आठवडे. दुपारी आई जागी झाली आणि माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं. म्हणाली, "अनुयाला बोलवा. परीक्षा पुन्हा देता येते." मी म्हणालो, बोलावतो. तासाभराने तिने विचारलं, तेव्हा मी सांगितलं, तिकीट काढलं, सोमवारी पोचते.

मी तिकीट काढलं नव्हतं. लीड्सला तुझा शेवटचा पेपर २३ तारखेला होता. डॉक्टर तीन आठवडे म्हणाले होते. मी हिशेब मांडला, २३ला पेपर, २५ला तू इथे, हातात दहा दिवस राहतात. आई १९ तारखेला दुपारी गेली.

त्या पाच दिवसांत तुझे दोन फोन आले. दोन्ही वेळा ती जागी होती. मी बाहेर जाऊन बोललो आणि ती झोपली आहे असं सांगितलं.

असं का केलं याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते पुरेसं नाही. माझे बाबा गेले त्या सकाळी माझा बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर होता. मी पेपर देऊन आलो, मग स्मशानात गेलो. सगळ्या वस्तीने माझी पाठ थोपटली. विहारात भंतेजींनी चार लोकांसमोर माझं नाव घेतलं. तेव्हापासून मला वाटत आलं की माणसाने असंच वागायचं असतं, आणि मुलांकडून असंच करून घ्यायचं असतं. त्या पेपरात मी काय लिहिलं ते मला एक अक्षर आठवत नाही. बाबांचा चेहरा मी शेवटचा नीट पाहिला नाही, तेवढं आठवतं.

मग तू आलीस. चांगी विमानतळावर बॅगही खाली न ठेवता विचारलंस, आईने मला का नाही बोलावलं. तुझ्या डोळ्यांत बघून खरं सांगायचं धैर्य झालं नाही. म्हणालो, तिचीच इच्छा होती, परीक्षा होऊ दे म्हणाली. जी बाई उत्तर देऊ शकत नव्हती तिच्यावर ढकललं. तू तिच्यावर चिडलीस, माझ्यावर चिडलीस, निघून गेलीस. मला वाटलं, एक दिवस तुझा राग उतरेल आणि हे सांगायची वेळच येणार नाही.

मे महिन्यात येऊन, तुझ्याबरोबर सहा दिवस सायकल चालवून, काही न सांगता परत येणं मला जमलं असतं. तुझी मेल आली त्या दिवशी मी तसंच ठरवलं होतं. पण तू त्या बोगद्यात उभी राहून तिला पुन्हा विचारशील, आणि मी दहा पावलांवर असेन.

म्हणून लिहिलं. आता मी यावं की नाही ते तू ठरव.

बाबा

मरीन परेड
रविवार, २७ एप्रिल २०२५

अनुया,

तुझं उत्तर नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती.

परवा कंपनीची मेल आली, सगळ्या प्रवाशांना मिळून. कुठे भेटायचं, काय बरोबर आणायचं, सायकलींची यादी. यादीत माझं नाव आहे, पुढे पंचाहत्तर सेंटिमीटर लिहिलंय. गाइड म्हणून मात्र दुसऱ्याच माणसाचं नाव आहे.

ऑड्रीबाईंना मी सगळं सांगितलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही मार्केटमध्ये कॉफी घेत होतो, त्यांची तशीच थंड झाली. मग म्हणाल्या, तरी जाणार? मी म्हणालो, जाणार. नाव काढायचं असतं तर तिने काढलं असतं. त्या म्हणाल्या, "मग तिथे जाऊन सायकल चालव. तिची वाट बघायला जाऊ नको. यू गो अँड राइड, ओके?"

तसंच करेन. तू दिसली नाहीस तरी वाईट वाटून घेणार नाही, असं लिहिणार होतो. वाईट वाटेल. पण कुणाकडे तक्रार करणार नाही.

बारा तारखेला बुद्धपौर्णिमा आहे. इथल्या आपल्या लोकांची वंदना या वर्षी भावेशच्या घरी आहे, मी नसेन असं कळवलंय. तू कुठे असशील तिथे एक मेणबत्ती लाव. आई लावायची.

बाबा

मरीन परेड
रविवार, १ जून २०२५

अनुया,

तू म्हणालीस, फोन करू नका, पत्र लिहा, फोनवर तुम्ही खोटं बोलता. बरोबर आहे. म्हणून हे पत्र.

काय घडलं ते तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने कसं घडलं ते माहीत नाही. पहिले दोन दिवस मी सगळ्यांच्या मागे होतो. नेदरलँड्सचं ते निवृत्त जोडपं माझ्यासाठी प्रत्येक पुलावर थांबायचं आणि मी पोचलो की टाळ्या वाजवायचं. मला आधी राग आला, नंतर आवडू लागलं. वाट इतकी शांत होती की माझ्याच चेनचा आवाज मला दिवसभर ऐकू येत होता. ऑलिव्हची झाडं उतारावर ओळीने, खाली कुठेतरी शेळ्यांच्या घंटा, आणि समोर नुसता डोंगर. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा मला मागून कुणी हॉर्न दिला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गिधाडं दिसली, तू लिहिलं होतंस तशीच, खाली. मी एकटाच कठड्याला धरून उभा होतो. भावनाला, तुझ्या आईला, हे आवडलं असतं, एवढंच मनात आलं, आणि बऱ्याच दिवसांनी तिचं नाव मनात येऊनही मी विचार दुसरीकडे वळवला नाही.

तुझ्याबद्दल तुझ्या सहकाऱ्याला मी एकदाही विचारलं नाही. त्यानेही काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या बोगद्याच्या तोंडाशी तू सायकल घेऊन उभी होतीस. लांबून मला वाटलं दुसऱ्या एखाद्या ग्रुपमधली मुलगी असेल. केसांमुळे ओळखलं नाही. मी जवळ आलो तर तू म्हणालीस, "दिवा लावा, बाबा. आत खड्डे आहेत." तीन वर्षांनी भेटल्यावर हे पहिलं वाक्य. मी दिवा लावला. बाकीचे पुढे गेले. मी तुझ्या मागच्या लाल दिव्याकडे बघत चालवत होतो. आत गारठा होता, पाणी ठिबकत होतं.

मधोमध तू थांबलीस. माझा दिवा बंद केलास, मग तुझा. म्हणालीस, "आता सांगा. तिच्या शब्दांत. काही गाळू नका."

मी सांगितलं. पत्रात जे लिहिलं होतं ते, आणि जे लिहायला धजलो नव्हतो तेही. मी तिकीट काढलं म्हणालो तेव्हा ती काय बोलली ते तू विचारलंस. मी थांबलो. तू म्हणालीस, "बाबा." मग सांगितलं. ती म्हणाली, "खिडकीजवळची सीट घेतली ना तिला?"

तू रडलीस ते मला दिसलं नाही, ऐकू आलं. तुझ्या पाठीवर हात ठेवावा की नाही हे मला कळेना. तो हक्क माझा उरलाय का, हेही कळेना. तुझी सायकल कलून माझ्या हाताला लागली, मी ती धरून ठेवली. तेवढंच करता आलं. किती वेळ गेला माहीत नाही. मागून कुणीतरी घंटी वाजवत आलं, आपण बाजूला झालो, ते गेले. मग तू म्हणालीस, "चला. ते लोक जेवायला थांबलेत."

बाहेर उन्हात आल्यावर तू मला माफ केलंयस असं म्हणाली नाहीस. मीही माफी मागितली नाही. तू मला एक संत्रं सोलून दिलंस आणि म्हणालीस, चढावर गिअर आधी बदलत जा, पाय अडकल्यावर नाही. उरलेले तीन दिवस तू कधी माझ्या पुढे होतीस, कधी बाजूला. वाटेवर गाड्या नव्हत्या म्हणून दोघांना शेजारी शेजारी चालवता आलं. आईबद्दल तू विचारत गेलीस आणि मी सांगत गेलो. ती वर्ध्यात कोणत्या रस्त्याने कॉलेजला जायची, तुला पहिल्यांदा सायकलवर बसवलं तेव्हा मागचा हात कधी सोडला, पंक्चरची गोष्ट. पंक्चरवर तू हसलीस. हसलीस आणि लगेच पुढे निघून गेलीस, मला वाटलं रागावलीस. पुढच्या वळणावर थांबली होतीस.

शेवटच्या दिवशी बसस्टॉपवर, माझी बॅग वर चढवून झाल्यावर, तू विचारलंस, "आईला कळलं होतं का? तुम्ही तिकीट काढलं नाही ते?"

मी म्हणालो, नाही. ती निश्चिंत होती.

बस सुटली. डोंगर संपून सपाटी लागेपर्यंत मी त्या उत्तराकडे बघत बसलो होतो. तेव्हापासून दोन आठवडे तेच चाललंय. ऑड्रीबाईंनी विचारलं, ट्रिप कशी झाली, तर त्यांनाही नीट सांगता आलं नाही. ते उत्तर खोटं होतं, अनुया. सवयीने तोंडातून गेलं. तुला हलकं वाटावं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं, पण मला हलकं वाटावं म्हणून.

खरं असं. सुट्टीला तू लीड्सहून निघालीस की तुझं विमान कुठल्या समुद्रावर आहे ते आई दर दहा मिनिटांनी फोनवर बघायची. मला जेवू द्यायची नाही. त्या शनिवारी सीटचं विचारल्यानंतर तिने पुन्हा काही विचारलं नाही. विमान कोणतं, किती वाजता उतरतं, आणायला कोण जाणार, काहीच नाही. रविवारी नाही. सोमवारी, ज्या दिवशी तू येशील असं मी सांगितलं होतं, त्या दिवशी तिने दाराकडे एकदाही पाहिलं नाही. सकाळी नर्सने केस विंचरून दिले, तिने उशी जरा उंच करून घेतली आणि मला म्हणाली, "तुम्ही कुठे जाऊ नका. इथेच बसा." मी बसलो. तिने माझा हात हातात घेतला आणि दुपारभर तसाच ठेवला. तू आली नाहीस, तेव्हाही ती एका शब्दाने बोलली नाही. मला आणखी एकदा खोटं बोलावं लागू नये, म्हणून तिने विचारलं नाही.

हे मला आज सुचलेलं नाही. मला ते त्याच सोमवारी कळलं होतं. तेव्हाही तुला फोन करता आला असता. मंगळवार होता, बुधवार होता. मी केला नाही, कारण फोन केला असता तर तिला सगळं माहीत आहे हे मला मान्य करावं लागलं असतं.

बसस्टॉपवरचं माझं उत्तर खोडून टाक. त्याच्या जागी हे लिही, की आईला कळलं होतं. शेवटपर्यंत तिला तूच हवी होतीस. आणि हे सगळं माहीत असूनही तिने माझा हात सोडला नाही.

बाबा